ट्रान्सपोर्ट धंद्यात एआय: वीस-पंचवीस गाड्यांवाल्याने सुरुवात कुठून करावी?

निगडीकर_ट्रान्सपोर्ट

नमस्कार मंडळी. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत आमचा घरचा धंदा आहे, वडिलांनी एका गाडीवर सुरू केलेला, आता स्वतःच्या वीस-पंचवीस गाड्या आणि लागतील तशा मार्केटच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या. काम बहुतेक चाकण आणि रांजणगावच्या ऑटो कंपन्यांचं, सुटे भाग भरायचे आणि चेन्नईजवळचं ओरगडम, गुजरातेतलं साणंद, हरियाणातलं मानेसर अशा लायनी. ऑफिसचं आता मीच बघतो.

तर झालंय असं की आमच्या मोठ्या कस्टमरने नव्या काँट्रॅक्टमध्ये अट टाकलीये, लाइव्ह ट्रॅकिंग पाहिजे, गाडी किती वाजता पोचणार ते आधी सांगायला पाहिजे आणि पीओडी (माल पोचल्याचा सही-शिक्क्याचा कागद) त्याच दिवशी डिजिटल पाहिजे. ही बातमी कुठून फुटली माहीत नाही पण लगेच एक सेल्सवाला लॅपटॉप घेऊन दारात हजर. स्क्रीनवर भारताचा नकाशा, हिरवे-लाल ठिपके, रूट ऑप्टिमायझेशन, ड्रायव्हर स्कोर, डिझेल चोरी पकडणार, इंजिन बिघडायच्या आधी सांगणार, सगळं एआय आणि सगळं एकाच पॅकेजमध्ये, गाडीमागे महिन्याला भाडं. वडिलांनी शांतपणे सगळं ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "त्या एआयला म्हणावं, आधी आमची थकलेली बिलं वसूल करून दाखव." तो हसला. मला नाही आलं हसू, कारण पैसे खरंच अडकलेत.

आमच्याकडे सध्या जीपीएस आहे, एक्सेल आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि एक अकाउंटंट काका आहेत ज्यांना सगळं तोंडपाठ आहे. एवढ्यावर एआय बसवायचं तर नक्की काय घ्यावं, काय घेऊ नये? कोणी खरंच वापरतंय का, की सगळे डेमोच बघतायत? सेल्सवाल्यांनी कृपया उत्तर देऊ नये, डीएमही करू नये.

चाकण_कंट्रोल_टॉवर

मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणजे एका थ्रीपीएलमध्ये (दुसऱ्या कंपन्यांची वाहतूक सांभाळणारी कंपनी), आमच्याकडे भिंतभर स्क्रीन आहेत त्यामुळे थोडं बोलू शकतो.

पहिलं, रूट ऑप्टिमायझेशन विसरा. हे ज्याच्यामुळे गाजलं ते अमेरिकेतल्या यूपीएसचं ओरायन, 2013 पासून त्यांनी ते गाड्यांवर चढवलं, पण त्यांचा ड्रायव्हर दिवसात शंभराच्या वर दारं वाजवतो, कुठलं दार आधी आणि कुठलं नंतर याच्या शक्यता मोजायला खरंच कॉम्प्युटरच लागतो. त्यांचं ते डावीकडे वळणं टाळायचं प्रकरण फेमस आहे (तिकडे उजव्या बाजूने चालवतात म्हणून, आपल्याकडे उजवीकडचं वळण टाळावं लागेल, आणि आपल्याकडे तर सरळ जाणंही टाळावं लागतं). तुमची गाडी चाकणला भरली की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, कृष्णगिरी करत ओरगडमला उतरणार. एकच रस्ता आहे, त्यात ऑप्टिमाइझ काय करणार? शहरात घरोघरी पार्सल टाकणारे, दुधाच्या गाड्या, पाच व्हेंडरकडून थोडा थोडा माल उचलून प्लांटला नेणारे मिल्क रन, यांना त्याचा फायदा आहे आणि ते लोक वापरतातही.

गाडी कधी पोचणार याचा अंदाज मात्र चालतो, आणि चांगला चालतो. आमच्याकडचं मॉडेल टोल ते टोल किती वेळ लागतो ते शिकलंय, कुठला ड्रायव्हर रात्री कुठल्या ढाब्यावर किती वेळ थांबतो तेही शिकलंय. गाडी हायवेला असेपर्यंत तास-दीड तासाच्या आत अंदाज येतो. घोळ दोन्ही टोकांना होतो. इकडे तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकात गाडी अडकली की सगळं गणित बोंबललं, आणि तिकडे प्लांटच्या गेटबाहेर गाडी पोचून उभी असते पण आत घेत नाहीत. स्क्रीनवर 'पोचली' असं हिरवं दिसतं आणि ड्रायव्हर फोनवर सांगतो साहेब, अजून नंबर लागला नाही. गेटवर किती वेळ लागणार हे मॉडेलला सांगायला कस्टमरकडचा डेटा लागतो, गेट इन आणि गेट आउटची वेळ, आणि तो देताना त्यांचा हात आखडतो कारण तो दिला की हॉल्टिंगचं (गाडी थांबवून ठेवल्याचं) बिल कोणाच्या माथी ते उघड होतं. त्यामुळे काँट्रॅक्टवर सही करायच्या आधी तो मागा. त्यांना तुमच्याकडून लाइव्ह ट्रॅकिंग पाहिजे ना, मग त्यांनीही वेळा द्याव्यात.

मार्केटच्या गाड्यांना जीपीएस नसतं, तिथे ड्रायव्हरच्या सिमवरून ट्रॅक करायची सोय आहे, त्याला मेसेज जातो आणि त्याने होकार दिला तरच चालू होतं. शिवाय सरकारचं यूलिप (लॉजिस्टिक्सचा डेटा एका ठिकाणी देणारी यंत्रणा) आहे, सप्टेंबर 2022 मध्ये लॉजिस्टिक्स पॉलिसीबरोबर आलेलं, त्यातून फास्टॅगच्या नोंदी मिळतात, म्हणजे गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली ते जीपीएस नसतानाही कळतं. बरेच सॉफ्टवेअरवाले हेच घेऊन त्यावर रंगरंगोटी करून विकतात. विकू देत, पण भाव करताना तुम्हाला माहीत असलेलं बरं.

वाघोलीची_ताई

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे हो. हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या गाड्या तुमच्यापेक्षा कमी आहेत, मिस्टर गाड्या बघतात, मी बिलिंग. आम्ही एआय कुठे लावलं तर फक्त कागदावर. काय होतं ना, माल उतरला, पीओडीवर सही-शिक्का झाला, की तो कागद ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. तो तिकडून रिटर्न लोड घेऊन तिसरीकडेच जाणार, तिथून चौथीकडे, कागद पुण्यात यायला पंधरा-वीस दिवस, तोपर्यंत बिल बनत नाही, बिल गेलं नाही तर पेमेंटचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आणि कागद आला की तो कसा? घडी घातलेला, एका कोपऱ्यावर चहा, एलआर (माल भरल्याची पावती) नंबरवर बरोबर कंपनीचा निळा गोल शिक्का बसलेला, आणि खाली सिक्युरिटीवाल्याने हिंदीत खरडलेलं 'दो पेटी गीला'.

आता ड्रायव्हर माल उतरताच व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. सिस्टीम फोटोतून एलआर नंबर, गाडी नंबर, जीएसटीच्या ई-वे बिलाचा नंबर, तारीख, नग हे वाचते आणि आमच्या ट्रिपशी जुळवते. शिक्क्याखाली नंबर गेला असेल तर गाडी नंबर आणि तारखेवरून ट्रिप शोधते, हे मला खरंच आवडलं, कारण आमचा पोरगा पण हेच करायचा पण अर्धा दिवस लावून. हाताने काही रिमार्क लिहिलेला दिसला तर ती स्वतः ठरवत नाही, माझ्याकडे पाठवते. मीच तसं ठेवून घेतलंय. शॉर्टेज किंवा डॅमेजचा रिमार्क चुकीचा वाचला तर डेबिट नोट येते आणि पूर्ण ट्रिपची कमाई त्यात जाते, तिथे मशीनवर सोडायचं नाही. सुरुवातीला ड्रायव्हर लोकांचे फोटो असे यायचे की अर्धा कागद आणि अर्धा अंगठा. मग फोटो नीट आला की बॅलन्स म्हणजे उरलेले पैसे लगेच सोडायचे असं चालू केलं, आपोआप सुधारले.

मोठ्या कंपन्यांना अजूनही ओरिजिनल कॉपी लागतेच, ते सुटलेलं नाही, कुरियर चालूच आहे. पण फोटोवर बिल अपलोड होतं आणि क्वेरी आधी निघते, तोपर्यंत ओरिजिनल पोचतो.

अजून एक, उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) केलंय का? तुम्ही सूक्ष्म किंवा लघुमध्ये बसत असाल तर आयकराच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यातलं 43बी(एच)) कस्टमरला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, मुदत उलटून 31 मार्चही गेला तर तो खर्च त्यांना त्या वर्षाच्या हिशेबात धरता येत नाही. मार्च आला की त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचे गोड फोन यायला लागतात बघा. पण तेव्हा तुमची पीओडी कोणत्या तारखेला त्यांच्याकडे पोचली याचा पुरावा हातात हवा, नाहीतर "तुमचे पेपरच अपूर्ण होते" हे ठरलेलं उत्तर.

आणि ई-वे बिल संपत आल्याचा अलर्ट कोणी एआय म्हणून विकत असेल तर त्याला हात जोडा. 200 किलोमीटरला एक दिवस, बाराशे किलोमीटरला सहा दिवस, संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तासांत वाढवून घ्यायचं. याला एआय कशाला, पाचवीतला मुलगा करेल.

निगडीकर_ट्रान्सपोर्ट

ताई, 'दो पेटी गीला' वाचून वडील मोठ्याने हसले, म्हणाले ह्यांना धंदा कळतो. उद्यम आहे, पण बिलावर नंबर छापलेला नाही, उद्याच छापून घेतो.

कॅमेऱ्याचं काय? सेल्सवाल्याचा सगळा जोर त्याच्यावर होता. ड्रायव्हरच्या तोंडासमोर एक आणि रस्त्याकडे एक.

जुना_बारा_टायर

कॅमेऱ्याचं मी सांगतो. बरीच वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता एका फ्लीटला सुपरवायझर आहे, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खातो.

रस्त्याकडचा कॅमेरा बिनधास्त लावा. आपल्याकडे मोठ्या गाडीची चूक असो नसो, लोक जमले की मोठी गाडीच दोषी. दुचाकीवाला डावीकडून घुसला हे रेकॉर्डमध्ये दिसलं की पोलीस स्टेशनला आणि इन्शुरन्सला बोलायला काहीतरी राहतं. ड्रायव्हर लोकांना पण हा कॅमेरा पटतो, आमच्याकडे तर स्वतःहून मागतात.

तोंडासमोरचा जपून. आमच्याकडे लावला तेव्हा पहिल्या आठवड्यात अलर्टचा पाऊस. ड्रायव्हर तंबाखू मळतोय तर 'लक्ष विचलित'. जबडा हलतोय तर 'जांभई'. काळा गॉगल घातला की डोळेच दिसत नाहीत, मग 'डोळे मिटले'. खंबाटकी घाटात वळणावर माणूस मान वळवून आरसा बघणारच ना, तिथे पण पीं पीं. एका जुन्या गड्याने कॅमेऱ्यावर गांधी टोपी अडकवली आणि वाईपर्यंत तसाच गेला. कंपनीने नंतर सेटिंग बदलून दिलं, आता बरंच बरं आहे, आणि पहाटे दोन ते पाचमधला झोपेचा अलर्ट खरा असतो, त्याने माणसं वाचतात हे मी मान्य करतो.

पण अलर्ट आल्यावर ऑफिसात कोण काय करतं? रात्री तीनला मशीन सांगते की हा पेंगतोय, आणि त्याच वेळी ऑफिसातला ट्रॅफिकवाला (गाड्या लावणारा) फोन करून विचारतो, कुठे पोचलास, सकाळी आठला गाडी लावायची आहे. मग त्याने झोपायचं की पळवायचं? कायद्यात 1961 पासून दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 लिहिलंय, लाइनवर कोण पाळतं ते सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हरला थांबवायचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला देणार असशील आणि उशीर झाला तर त्याच्या पगारातून कापणार नसशील, तर कॅमेरा लाव. नाहीतर उद्या अपघात झाल्यावर त्याच रेकॉर्डमध्ये दिसेल की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गाडी थांबवली नाही.

आता स्कोरबद्दल. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार आहे, तिथे किती अपघात झाले ते पुण्यात कोणाला सांगायला नको. बरेच जण तिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. न्यूट्रलला इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार पायाच्या ब्रेकवर, ड्रम तापतात, इंजिन आयडलला असल्याने हवा पण हळू भरते, आणि मग पुलाजवळ गाडी थांबत नाही. आता विचार कर, तुझा एआयवाला ड्रायव्हर स्कोर ॲव्हरेजवर चालत असेल आणि जास्त ॲव्हरेजला बक्षीस असेल, तर न्यूट्रल मारणाऱ्याचा नंबर पहिला येणार! त्यामुळे सेल्सवाल्याला विचार की तुझ्यात न्यूट्रलचे मार्क कापतात का. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत हे पकडणं सोपं आहे, स्पीड साठ आणि इंजिन आयडलला म्हणजे न्यूट्रलच. मशीनला ते दिसतं, फक्त कोणी बघायला सांगितलेलं नसतं.

हिंजवडी_फेज_थ्री

सॉफ्टवेअरवाला आहे, ट्रान्सपोर्टचं काही कळत नाही, पण वरचं वाचून वाटतं की निम्म्या गोष्टींना एआय लागतच नाही, साधी अट लिहिली की झालं. न्यूट्रलचं तर दोन ओळींचं काम आहे. आणि दहा वर्षांत ड्रायव्हरच नसतील मग हे सगळं कशाला? टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन बिनड्रायव्हरचे ट्रक 2025 मध्ये चालू झालेत.

जुना_बारा_टायर

आणा की तो ट्रक नवले पुलावर. आणि चौकात म्हैस बसली तर उठवायला खाली कोण उतरणार तेही विचारा.

चाकण_कंट्रोल_टॉवर

@हिंजवडी साध्या अटींचं बरोबर, पण डिझेलच्या बाबतीत साधी अट फसते. टाकीत सेन्सरची दांडी असते. गाडी चढावर तिरकी उभी राहिली की टाकीतलं डिझेल एका बाजूला सरकतं, दांडीला वाटतं पातळी पडली, मालकाच्या मोबाईलवर 'चोरी' असा मेसेज. मालक लगेच ड्रायव्हरला शिव्या घालतो, ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवतो. इथे शिकलेलं मॉडेल उपयोगी पडतं, म्हणजे इंजिन बंद होतं का, गाडी किती तिरकी होती, पातळी नंतर परत वर आली का, हीच जागा आधी कधी आली होती का, असं सगळं एकत्र बघून मगच बोलतं. तरीही आमचा नियम आहे की पहिल्या मेसेजवर ड्रायव्हरला फोन करायचा नाही, पंपाचं बिल आणि भरलेले लिटर जुळवून बघायचे.

इंजिन बिघडायच्या आधी सांगण्याचं म्हणाल तर बीएस-6 गाडी एप्रिल 2020 नंतरची असेल तर आधी कंपनीचं स्वतःचं बघा, टाटाचं फ्लीट एज, लेलँडचं आय-अलर्ट, गाडीबरोबर आलेलं असतं आणि निम्म्या मालकांनी लॉगिनच केलेलं नसतं. फॉल्ट कोड, ॲडब्लू (धूर साफ करायचं द्रव), बॅटरी सगळं दिसतं. पंचवीस गाड्यांच्या डेटावर स्वतःचं मॉडेल शिकवता येत नाही, हजारो गाड्या लागतात, त्या गाडी बनवणाऱ्याकडे आहेत. वेगळे पैसे कशाला.

लोड मिळवून देणाऱ्या ॲपचाही विषय कोणीतरी काढेलच. रिटर्न लोडला वापरा, नक्की वापरा, पण सगळा धंदा त्यावर टांगू नका. सिॲटलची कॉन्व्हॉय, अल्गोरिदमने ट्रक आणि माल जुळवणारी, बेझोस आणि गेट्सचे पैसे होते त्यात, 2022 मध्ये 3.8 अब्ज डॉलरची कंपनी म्हणून गाजली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये कुलूप. मॉडेल चांगलंच होतं म्हणतात, भाडीच पडली. आपल्याकडे रिव्हिगोने चार-पाच तासांनी ड्रायव्हर बदलायची रिले केली, ड्रायव्हर रात्री घरी, डोकं लावून बांधलेली गोष्ट होती, पण त्यांचा कंपन्यांच्या एक्स्प्रेस मालाचा धंदा 2022 मध्ये 225 कोटींना महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. भाडं, डिझेल आणि रिकामी गाडी यांच्यापुढे सॉफ्टवेअरचं फार चालत नाही.

वाघोलीची_ताई

आणि ब्रोकर. ब्रोकर एका फोनवर ॲडव्हान्स देतो, ॲप देतं का ते विचारा आधी. हल्ली देतात काही जण, पण रात्री अकराला गाडी आरटीओने धरली तर फोन कोण उचलतं?

निगडीकर_ट्रान्सपोर्ट

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसात बसून ठरवलं ते असं. पॅकेज घेत नाहीये. पीओडीचं ताई म्हणतात तसं चालू करणार, पहिल्यांदा फक्त ओरगडम लाइनवर, आणि अकाउंटंट काकांनाच त्याचं प्रमुख करणार कारण नाहीतर ते पहिल्याच दिवशी त्यात दहा चुका काढून बंद पाडतील, आता प्रमुख असल्यामुळे दहा चुका काढून दुरुस्त करून घेतील असा माझा हिशेब. रस्त्याकडचा कॅमेरा नव्या गाड्यांना. तोंडासमोरच्या कॅमेऱ्याचं ड्रायव्हरांशी बोलल्याशिवाय नाही. फ्लीट एजचा पासवर्ड शोधला, गाडी घेतली तेव्हाच्या फाइलमध्ये लिफाफा न फोडता पडून होता.

एक अडलंय. कस्टमरकडे गेट इन-गेट आउटच्या वेळा मागितल्या, परचेसवाले म्हणाले ते सिक्युरिटीला विचारा. सिक्युरिटीवाले म्हणतात रजिस्टरमध्ये आहे, बाहेर देता येत नाही.

चाकण_कंट्रोल_टॉवर

सिक्युरिटी कधीच देणार नाही. स्टोअर्सला धर. माल उतरल्यावर ते जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतात, त्यावर सिस्टीमची वेळ पडलेली असते. आणि गेट इनसाठी आपल्याच ड्रायव्हरला सांग, गेटपासला नंबर मिळाला की त्या चिठ्ठीचा फोटो टाक. त्या दोन वेळांमधला फरक महिनाभर जमव आणि मग हॉल्टिंगचं बोलायला परचेसमध्ये जा. जाताना वडिलांना बरोबर ने.

वाघोलीची_ताई

चिठ्ठी पेन्सिलने लिहितात हो तिकडे. फोटो उजेडात काढायला सांगा.